'राहिलं' की 'वगळलं'? एका क्रियापदाची चौकशी

कोरा कागद

दोन महिन्यांपूर्वी एका स्मरणिकेची मुद्रितं तपासून दिली होती. छापून वाटप झालं आणि आठवडाभरात एका गृहस्थांचा फोन आला. देणगीदारांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. मी सवयीने म्हणालो, "माफ करा, नाव राहिलं."

"राहिलं नाही हो. वगळलं."

"अहो, चुकून वगळलं गेलं असेल."

"चुकून राहतं. वगळतात ते ठरवून."

फोन ठेवला तेव्हा चिडलोच होतो. मग हस्तलिखिताचा गठ्ठा काढला. यादीत चौदावं नाव त्यांचं, चांगलं सुवाच्य अक्षरात, आणि त्यावरून पेन्सिलीची एक बारीक आडवी रेघ. माझी नव्हे; मी लाल पेन वापरतो. अक्षरजुळणी करणाऱ्याने रेघ पाहिली आणि तेराव्यानंतर थेट पंधरावं नाव घेतलं. गृहस्थांचं मराठी माझ्यापेक्षा पक्कं निघालं.

तेव्हापासून हे क्रियापद डोक्यात घोळतंय. वगळायचं तर ती गोष्ट आधी हिशेबात असावी लागते. जे यादीत कधी नव्हतंच, ते कोण कसं वगळणार? नक्कल करताना डोळा एका 'आणि'वरून दोन ओळी खालच्या 'आणि'वर घसरतो आणि मधला मजकूर जातो, तेव्हा तो मजकूर 'सुटला', 'गळला', 'राहिला'. 'वगळला' म्हणायला कुणाचा तरी हात लागतो.

आता प्रश्न असा, की हा शब्द आला कुठून? 'सोडणे' समजतं. हिंदीतल्या 'छोड़ना'चा भाऊ. तिकडच्या 'छ'चा आपल्याकडे 'स' होतो (छुरी–सुरी, छाल–साल, छह–सहा). 'टाळणे' हे 'टळणे'वरून, 'गाळणे' हे 'गळणे'वरून. 'वगळणे'च्या पोटातही 'गळणे' दिसतंय, पण पुढचा 'व' कुणाचा? कृपया लगेच कोश उघडू नका. आधी डोकं चालवू.

वेलांटी

सोप्पं आहे की! वेगळा, वेगळणे, वगळणे. यादीतून वेगळं काढलं म्हणजे वगळलं. मला लहानपणापासून हेच वाटत आलंय.

शंकेखोर

@वेलांटी, वाटायला काही हरकत नाही, पण 'वे'ची मात्रा गेली कुठे? बोलीत 'वे'चा 'ये' होतो: वेळ–येळ, वेडा–येडा, वेगळा–येगळा. 'वगळणे' एकाच घरचं असतं तर त्यालाही ही सवय लागली असती. 'येगळा' म्हणणारा माणूसही 'वगळलं'च म्हणतो.

निमूटवाचक

सहसा नुसती वाचते, आज राहवलं नाही. संस्कृतात अव + गण् आहे, म्हणजे न मोजणे, कस्पटासमान लेखणे. गुजरातीत 'अवगणना' अजून रोजच्या वापरात आहे. मोजदादीतून खाली टाकलं ते वगळलं. अर्थ अगदी हवा तसा बसतो.

तळटीप

अर्थ इतका हवा तसा बसला की मी आधी खिसा चाचपून पाहतो. 'ण'चा 'ळ' करायचा तर तसे चार सोबती दाखवावे लागतील. गणणे, गणती, गणित यांपैकी कुणीही 'ळ'कडे गेलेला नाही. 'ल'चा 'ळ' मात्र आपल्याकडे राजमार्ग आहे: फल–फळ, कमल–कमळ, काल–काळ. त्यामुळे शोध 'गल्'कडेच न्यावा. सविस्तर रात्री लिहितो.

आडवाट

तळटीपराव येईपर्यंत माझा एक शब्द घ्या. 'वगळ'. नाम आहे, स्त्रीलिंगी. गावाकडे ओढ्याहून लहान पाण्याच्या वाटेला वगळ म्हणतात, अनेकवचन वगळी. बारमाही पाणी नसतं तिला. पाऊस झाला की रानातलं पाणी उताराने गोळा होतं, माती कापत एक घळ पाडतं आणि पुढे ओढ्याला मिळतं. पाऊस उघडला की तासाभरात वगळ कोरडी. तळाशी बारीक वाळू आणि कडेला अडकलेला पालापाचोळा. आम्ही पोरं त्या वाळूत गोट्या शोधायचो.

याचा 'वगळण्या'शी काही संबंध लागतो का ते शहाण्यांनी सांगावं. शब्द तर डिट्टो तोच.

वेलांटी

अय्या, वगळ! 'ओघळ'सारखंच झालं हे. गालावरचा ओघळ, शिवारातली वगळ.

तळटीप

वेलांटीताईंनी माझं अर्धं काम केलं. आता सावकाश.

संस्कृतात अव + गल् असा धातू आहे. 'अव' म्हणजे खाली: अवतरण, अवरोह. 'गल्' म्हणजे गळणे, ठिबकणे. अवगलति, म्हणजे खाली गळतं, घसरून पडतं. यातून पाण्याची 'वगळ' निघणं अगदी सहज आहे. उतारावरून खाली गळत आलेलं पाणी. आणि क्रियापद झालं 'वगळणे': समूहातून खाली निसटणे. माझा कौल इकडे.

पहिला आक्षेप कुणी घ्यायच्या आधी मीच घेतो. 'अव'मधला 'अ' कुठे गेला? मराठीला शब्दारंभीचा 'अ' टाकायची सवय आहे. अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला. पण गंमत अशी, की खास 'अव' या उपसर्गाबद्दल संस्कृत व्याकरणातच सोय करून ठेवलीय. परंपरेत भागुरी नावाच्या वैयाकरणाचं मत सांगणारा एक श्लोक आहे, 'वष्टि भागुरिरल्लोपमवाप्योरुपसर्गयोः'. म्हणजे 'अव' आणि 'अपि' या दोन उपसर्गांतल्या 'अ'चा लोप भागुरीला चालतो. उदाहरणं ठरलेली: अवगाह–वगाह, अपिधान–पिधान. अवगाहाचा वगाह चालतो, तर अवगळण्याचं वगळणं का चालू नये?

म्हणजे मंडळी, 'वगळणे' या शब्दाने जन्मतःच पहिलं काम केलं ते स्वतःचं पहिलं अक्षर वगळण्याचं.

निमूटवाचक

हे वाचून मोठ्याने हसले. घरातले बघायला आले. अवगणना मागे घेते.

रफार

टाळ्या थांबवा जरा. दोन अडचणी आहेत.

एक: दोन स्वरांमधला 'ग' प्राकृतात टिकत नाही. नगरचा 'नेर' झाला, आणि अमळनेर, संगमनेर ही गावं नकाशावर आहेत. 'युगल' बघा, त्यात तर तुमचं 'गल' जसंच्या तसं आहे. त्याचं मराठीत 'जुळं' झालं. 'ग' गेला, 'ल'चा 'ळ' झाला. मग अवगल्मधला 'ग' कुणाच्या वशिल्याने वाचला?

दोन: गळणे अकर्मक, गाळणे सकर्मक. टळणे–टाळणे, पडणे–पाडणे, मरणे–मारणे. या हिशेबाने वगळणे अकर्मक असायला हवं आणि सकर्मक 'वगाळणे'. आपण तर "त्यांनी नाव वगळलं" म्हणतो. 'वगाळलं' मी जन्मात ऐकलं नाही.

तळटीप

दोन्ही आक्षेप वजनदार, म्हणून क्रमाने.

'युगल'मध्ये बोलणाऱ्याला सांधा दिसत नाही; तो सगळा एकच शब्द. उपसर्ग लागलेल्या क्रियापदात सांधा जाणवतो, कारण शेजारी साधं 'गळणे' रोज वापरात असतं. ते 'ग'ला धरून ठेवतं. प्र + गल् बघा. 'पाघळणे' त्याच घरचं दिसतं. पावसात कौलांच्या कडेवरून गळतात त्या 'पागोळ्या'ही तिथल्याच वाटतात. एका ठिकाणी 'ग', दुसऱ्या ठिकाणी 'घ', पण गेला कुठेच नाही. वगळ आणि ओघळ यांतही तोच 'ग–घ'चा खेळ आहे. ('ओघळ'वर 'ओघ' या शब्दाची सावली पडली असेल, ते वेगळं.)

दुसऱ्याचं उत्तर: सगळी मराठी क्रियापदं 'गळ–गाळ'च्या शिस्तीत नाहीत. फांदी मोडली, त्याने फांदी मोडली. दार उघडलं, तिने दार उघडलं. रंग बदलला, त्याने रंग बदलला. रूप एकच, कर्ता आला की सकर्मक. 'वगळणे' या टोळीत शिरलं असेल.

रफार

शिरलं असेल तर परतीची वाट बंद कशी झाली? "दार आपोआप उघडलं" चालतं. "नाव आपोआप वगळलं" म्हणून बघा. जीभ अडते. 'वगळलं गेलं' म्हणावं लागतं.

तळटीप

हे मान्य. अकर्मक बाजू गळून पडली. (शब्द मुद्दाम वापरलाय.)

कोरा कागद

रफार, तुमच्या 'आपोआप'ने माझ्या फोनवाल्या गृहस्थांना व्याकरण मिळवून दिलं. ते हेच म्हणत होते की आपोआप वगळलं जात नाही.

आडवाट

एक गावठी शंका. 'अ'चा लोप वगैरे ठीक, पण बोलीत 'ओ'चा 'व' सर्रास होतो. ओळख–वळख, ओझं–वझं, ओढा–वढा, ओटी–वटी, ओंजळ–वंजळ. मग 'ओगळ'ची 'वगळ' झाली असेल, त्यासाठी भागुरीला कशाला उठवायचं? आधी अव–ओ आणि मग ओ–व.

तळटीप

आडवाट, तुम्ही माझा सगळ्यात देखणा पुरावा काढून घेतलात. :)

तुमची वाट जास्त जवळची आहे हे कबूल करतो. 'वगळ' या नामाला तर ती चपखल लागू पडते. माझी एकच हरकत. वळख, वझं, वढा हे सगळे बोलीतच राहिले, प्रमाण मराठीत ओळख, ओझं, ओढा हेच आहेत. मग एकटं 'वगळणे' बोलीतून उठून राजपत्रापर्यंत कसं पोचलं? आणि पोचलं तर मागे प्रमाण 'ओगळणे' का उरलं नाही? भागुरीच्या वाटेने ही अडचण येत नाही. अर्थात श्लोक सुंदर आहे म्हणून तो खरा मानायचा मोह मला होतोय, हेही लिहून ठेवतो.

शंकेखोर

या धाग्यात पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःवर शंका घेतली. माझी नोकरी धोक्यात.

वेलांटी

व्युत्पत्ती तुम्ही बघा, मला 'गाळणे'बद्दल बोलायचंय. पाणी गाळलं, तेव्हा पाणी हवं असतं आणि गाळ टाकायचा असतो. शब्द गाळला, तेव्हा शब्दच टाकायचा असतो! क्रियापद तेच, पण एकदा कर्म म्हणजे ठेवायची वस्तू आणि एकदा फेकायची. 'निवडणे'चंही तसंच. तांदूळ निवडले म्हणजे खडे काढले, आणि उमेदवार निवडला म्हणजे उमेदवार घेतला. तांदूळ निवडताना हात तर खड्यावर असतो.

आणि शाळेतलं 'गाळलेल्या जागा भरा'? जागा कुणी गाळल्यात? गाळलाय शब्द! जागा बिचारी तिथेच बसलीय, रेघ मारून.

रफार

+१. 'रिकाम्या जागा भरा' हे बरोबर. पण 'गाळलेल्या'ची गंमत त्यात नाही.

'वगळणे'ला मात्र ही दुटप्पी सवय नाही. जे वगळलं ते बाहेर, बस. त्याचे शेजारी बघा. 'खेरीज' अरबी 'खारिज'वरून, मूळ अर्थ बाहेरचा. 'शिवाय'ही अरबी 'सिवा'वरून. आता "तिच्याशिवाय तिघे आले" हे वाक्य घ्या. ती आली की नाही आली? दोन्ही अर्थ निघतात. "तिला वगळून तिघे आले" म्हटलं तर निदान मोजणीत ती नाही हे नक्की.

कोरा कागद

आणि 'राहणे'? फोनवर मी ज्याच्या आडोशाला गेलो ते. "नाव यादीत राहिलं" म्हणजे टिकलं. "नाव यादीत घ्यायचं राहिलं" म्हणजे गेलं. एका क्रियापदात असणं आणि नसणं दोन्ही. माफी मागायला याच्याइतका सोयीचा शब्द नाही. त्यात करणारा कुणी नसतोच. 'राहून गेलं' तर त्याहून मऊ.

बाकावरचा

कायद्याची कागदपत्रं मराठीत करणं हे माझं काम, म्हणून थोडं त्या अंगाने.

आमच्याकडे 'निरसन' आणि 'वगळणे' यांत फरक ठेवावा लागतो. संपूर्ण अधिनियम किंवा अख्खं कलम रद्द झालं तर बहुधा निरसन. कलमातले काही शब्द, एखादा खंड काढला तर 'वगळण्यात आला'. संविधानाचंच उदाहरण घ्या. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. अनुच्छेद ३१ निरसित झाला, आणि अनुच्छेद १९(१) मधला सहावा उपखंड वगळला गेला. आजही तिथे पाचव्यानंतर सातवा येतो. पुढच्याला एक पायरी वर सरकवलेलं नाही, कारण जुने निवाडे, संदर्भ, सगळे त्या क्रमाने लिहिलेले असतात. मधल्या उपखंडाचं अक्षर गायब, आणि तळाला टीप की इथलं काढलंय.

कोरा कागद यांच्या स्मरणिकेत चौदा नंबर गाळून तेरानंतर पंधरा छापले असते, तर ते आमच्या पद्धतीचं वगळणं झालं असतं. त्यांनी नंबर पुन्हा लावले असणार.

कोरा कागद

लावले होते. मीच लावले. पुरवणी यादी बघताना क्रम जुळत नव्हता म्हणून 'क्रम दुरुस्त करावा' असं लाल पेनने समासात लिहिलं. आत्ता लक्षात येतंय.

शंकेखोर

म्हणजे पेन्सिल कुणाची ते माहीत नाही, पण माग पुसला तुम्ही.

तळटीप

बाकावरचे यांनी सांगितलं ते पाणिनीला आवडलं असतं. 'अदर्शनं लोपः' ही त्याची लोपाची व्याख्या, अष्टाध्यायी १.१.६०. लोप म्हणजे नुसतं दिसेनासं होणं. दोनच सूत्रं पुढे, १.१.६२ मध्ये, तो म्हणतो 'प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्'. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारं कार्य होतंच. गेलेला प्रत्यय जागा अडवून बसतो, अगदी सहाव्या उपखंडासारखा.

निमूटवाचक

गाण्यातलं 'वर्ज्य' यात कुठे बसेल? भूप रागात मध्यम आणि निषाद हे स्वर वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. गाणारी ते वगळते असं कुणी म्हणत नाही.

रफार

कारण ते तिच्या हातात नाही. वर्ज्य हा रागाचा नियम, वगळणं हा माणसाचा निर्णय. उद्या तिने भूप गाताना गंधारच घेतला नाही, तर म्हणता येईल की गंधार वगळला. (आणि मग श्रोते तिला वगळतील.)

आडवाट

माणसं वगळायला जुना शब्द 'वाळणे'. तो आता 'वाळीत टाकणे'पुरताच उरलाय. त्यात यादी नाही, पेन्सिल नाही, अख्खं गाव मिळून वगळतं. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, आणि कायद्याने शब्द घेतला तो 'बहिष्कार'. 'वाळीत'मधली धग त्यात येत नाही, पण वाळीत पडलेल्या माणसाला फिर्याद करायला तोच उपयोगी.

बाकावरचा

अवांतर नाही, उलट मुद्द्याचंच. एक अडचण मला रोज येते. 'वगळणे'ला धड नाम नाही. निवडणेला निवड, टाळणेला टाळाटाळ, सोडणेला सोडत, गाळणेला तर गाळ आणि गाळणी असं सगळं बिऱ्हाड. वगळणेचं काय? मसुद्यात 'वगळणूक' लिहिलेलं पाहिलंय, पण बोलताना कुणाच्या तोंडी कधी आलं नाही. शेवटी 'वगळणे' हेच नाम म्हणून वापरतो, 'नाव वगळण्याबाबत'.

आडवाट

नाम आहे की. वगळ. पाण्याने आधीच घेतलंय.

वेलांटी

वा!! आडवाट, हे मस्त.

शंकेखोर

मला यात एक उलटं चक्र दिसतंय, पटत नसेल तर सोडून द्या. तळटीपरावांचा कौल धरला तर शब्द सुरू झाला पाण्यापासून. गळणाऱ्याला हात लागत नाही, उतार पुरतो. मग मराठीत त्याला कर्ता चिकटला, इतका घट्ट की 'आपोआप वगळलं' म्हणता येईना. आणि कचेरीत पोचल्यावर पुन्हा 'वगळण्यात आले आहे'. कुणी? ते लिहायचं नाही. परत उतार आणि पाणी.

बाकावरचा

आमच्या बचावासाठी एवढंच, की आम्ही खाली टीप देतो. कोणत्या वर्षीच्या कोणत्या अधिनियमाने वगळलं ते त्यात असतं.

कोरा कागद

आज त्या गृहस्थांना फोन केला. पेन्सिलीची रेघ सांगितली, आणि नंबर मी सरळ केले हेही सांगितलं. पुढच्या अंकात शुद्धिपत्र देतो म्हटलं. "त्यात काय लिहाल?" असं त्यांनी विचारलं.

मसुदा खाली देतोय, बाकावरचे आणि तळटीप यांनी नजर टाकावी.

'गेल्या अंकातील देणगीदारांच्या यादीतून क्रमांक १४ चे नाव वगळले होते. ते पुढीलप्रमाणे वाचावे.'

तळटीप

'वगळले होते'ला कर्ता नाही.

कोरा कागद

'आम्ही' घालतो.